वॉक-ऑफ : हरलेल्याने घडवलेला शब्द

खेळातले शब्द बहुधा जिंकणाऱ्याच्या बाजूने घडतात. कुस्ती घ्या. ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड ही सगळी नावं वरच्या मल्लाच्या करामतीची. खालच्याच्या वाट्याला 'चीतपट' येतो, आणि तोही त्याच्या तोंडचा नसतो, भोवतीच्या गर्दीचा असतो. हरणाऱ्याने आपल्या हरण्याला स्वतः नाव ठेवलं आणि ते नाव भाषेत टिकलं, असं फार क्वचित घडतं. अमेरिकन बेसबॉलमधला 'वॉक-ऑफ' हा तसा शब्द आहे. तो ज्याने घडवला त्याच्याच वाट्याला काही महिन्यांत त्या शब्दाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आलं. पुढे साऱ्या देशाने शब्द उचलला आणि तो फिरवून जिंकणाऱ्याच्या अंगावर चढवला.

आज अमेरिकेत एखाद्या सामन्याचं वर्णन 'वॉक-ऑफ' असं केलं जातं, तेव्हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जल्लोष उभा राहतो. शेवटचा फटका बसलेला, धावा पूर्ण झालेल्या, सामना त्याच क्षणी संपलेला, आणि अख्खा संघ धावत येऊन फटका मारणाऱ्याला मिठी मारतोय. शब्द ऐकून वाटतं की जिंकणारा सामना संपवून रुबाबात मैदानाबाहेर चालत गेला, म्हणून 'वॉक-ऑफ'. पण त्या क्षणी जिंकणाऱ्यांपैकी कोणीच चालत नाही. ते धावतात, उड्या मारतात, एकमेकांवर कोसळतात. मैदानावरून चालत निघालेला माणूस एकच असतो: ज्याच्या चेंडूवर तो फटका बसला तो पिचर. मूळ शब्द त्याच्या पावलांचा आहे.

हा शब्द बेसबॉलमध्येच का उगवला हे समजायला खेळाची रचना थोडी पाहावी लागते. बेसबॉलमध्ये दोन्ही संघांना आलटून-पालटून नऊ-नऊ वेळा फलंदाजी मिळते. चार बेस, म्हणजे टप्पे, फिरून गडी घरी आला की एक धाव होते, आणि दर वेळी तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. क्रिकेटमध्ये 'इनिंग्ज' हा शब्द एकवचनीही 'ज'सकट येतो. बेसबॉलने तो 'ज' टाकून 'इनिंग' केलं. दोघांच्या मुळाशी अर्थ एकच, 'आत असणं', फलंदाजीचा ताबा आपल्याकडे असणं. १८५७ पूर्वी जो संघ आधी २१ धावा करी तो जिंके. त्या वर्षी नऊ इनिंगचा नियम झाला आणि सामन्याला 'शेवट' नावाची जागा मिळाली. यजमान संघ प्रत्येक इनिंगमध्ये नंतर फलंदाजी करतो. म्हणून नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात यजमान एका धावेने जरी पुढे गेला, तरी पाहुण्यांना उत्तर द्यायला संधी उरत नाही. सामना तिथेच संपतो. फुटबॉल-हॉकीत मागे पडलेल्या संघाची घड्याळाशी झुंज असते. इथे निकाल ठरवणारं घड्याळ नाही. शेवटचा गडी बाद होईपर्यंत मागे पडलेला संघ मेलेला नसतो. मराठीतल्या 'डाव' या शब्दात ही जाण आधीपासून आहे. सोंगट्यांचा डाव, कुस्तीतला डाव, क्रिकेटचा डाव, मनात रचलेला डाव: हे सगळे डाव उलटू शकतात. वेळ उलटत नाही, डाव उलटतो.

आता शब्द घडवणाऱ्याकडे येतो. डेनिस एकर्स्ली १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये जन्मला. क्लीव्हलंड, बॉस्टन, शिकागो असा प्रवास करून १९८७ मध्ये तो ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या आपल्या गावच्या संघात आला. तोवर तो सामन्याच्या सुरुवातीला उतरणारा पिचर होता. क्लीव्हलंडसाठी १९७७ मध्ये त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, न देता सामना जिंकला होता, बॉस्टनसाठी १९७८ मध्ये २० विजय मिळवले होते. मधली काही वर्षं दारूने खाल्ली. त्याविषयी तो स्वतःच पुढे उघडपणे बोलला. ओकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रूसा यांनी त्याला शेवटच्या इनिंगपुरता राखून ठेवायला सुरुवात केली. थोडी आघाडी असावी, नववी इनिंग असावी, एकर्स्लीने यावं आणि तीन गडी बाद करून सामना बंद करावा. अशा पिचरला 'क्लोजर' म्हणतात आणि त्याने राखलेल्या सामन्याला 'सेव्ह'. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी मांडलेली सेव्हची मोजणी १९६९ पासून अधिकृत झाली. आपल्याकडे 'लाज राखली', 'शब्द राखला', 'गड राखला' म्हणतात. त्या 'राखणे'च्या फार जवळ हा सेव्ह जातो. १९८८ च्या हंगामात एकर्स्लीने असे ४५ सामने राखले.

या माणसाची भाषा हा वेगळाच विषय आहे. सहकाऱ्यांना, पत्रकारांना आणि नंतरच्या काळात दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनाही ती ऐकून सवय झाली होती. डोक्यावरच्या केसांना तो शेवाळ म्हणे, पैशांना लोखंड, आणि वेगवान चेंडूला 'चीज'. चेंडूला चीज म्हणण्याची रीत त्याने काढलेली नव्हती, बेसबॉलमध्ये ती आधीपासून होती. पण त्याच्या तोंडी ती शोभली. मराठी वाचकाने इथे थांबावं असा मजकूर आहे. इंग्रजी बोलीत 'चीज' हा शब्द खाण्याच्या चीजशिवाय 'अस्सल, अव्वल वस्तू' या अर्थानेही एकोणिसाव्या शतकात चालत होता. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची नोंद आहे, आणि कोशकारांनी त्याचं मूळ फारसी-हिंदुस्तानी 'चीज', म्हणजे वस्तू, या शब्दात असावं असं सांगितलं आहे. हिंदुस्तानात राहिलेले इंग्रज एखादा घोडा, एखादी चिरूट 'खरी चीज' आहे असं म्हणत आणि ते बोलणं घेऊन मायदेशी जात. बेसबॉलमधली चीज या 'अव्वल वस्तू'तून निघाली, असा शब्दाच्या अभ्यासकांचा एक तर्क आहे.

तो खरा धरला, तर एकर्स्लीची चीज आणि आपली चीज चुलत बहिणी ठरतात. फारसीतून आलेल्या या शब्दाचं मराठीने काय केलं हे पाहण्यासारखं आहे. 'चीजवस्त' मध्ये ती नुसती वस्तू आहे. गवयाच्या तोंडी ती बंदिश झाली: 'यमनमधली चीज सुनावली'. या दोन्ही ठिकाणी ती स्त्रीलिंगी. मग 'कष्टाचं चीज झालं' म्हणताना तीच नपुंसकलिंगी झाली आणि तिचा अर्थ 'सार्थक' असा चढला. एवढ्या साध्या शब्दाला इतकी उंची दुसऱ्या कुठल्या भाषेने दिली असेल असं मला वाटत नाही.

मात्र शब्दांच्या मुळांत शिरताना कानावर फार विसंबू नये. बेसबॉलमध्ये अडचणीच्या वेळी दुसऱ्याच्या जागी आयत्या वेळी पाठवल्या जाणाऱ्या बॅटरला 'पिंच हिटर' म्हणतात. पिंच म्हणजे चिमटा आणि त्यावरून कोंडी. आपल्याकडे कोंडीला 'पेच' म्हणतात. पिंच आणि पेच कानाला सख्खे भाऊ वाटतात, अर्थही जुळतो, पण नातं काही नाही. पिंच जुन्या फ्रेंचमधून आला, पेच फारसीतून, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ 'पीळ'. चीजच्या बाबतीत निदान घोडे आणि चिरूट घेऊन प्रवास करणारी माणसं दाखवता येतात. पिंच-पेचच्या बाबतीत नुसता ध्वनी आहे, आणि ध्वनीवर मांडलेल्या व्युत्पत्तीला मी पुरावा मानत नाही.

एकर्स्लीच्या बोलीतला आणखी एक तुकडा म्हणजे 'वॉक-ऑफ पीस'. सामना संपवणारा होम रन, म्हणजे थेट कुंपणाबाहेर जाणारा फटका, त्याच्यासारख्या पिचरच्या चेंडूवर बसला की तिथे करण्यासारखं काही उरत नाही. चेंडू प्रेक्षकांत गेलेला असतो. पुढचा चेंडू टाकायचा नसतो, पुढचा गडी नसतो, पुढची इनिंग नसते. पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावरून उतरायचं आणि मान खाली घालून चालू लागायचं. क्लोजरच्या धंद्यातलं हे सर्वांत मोठं संकट. त्याला त्याने आपलं नाव दिलं. १९८८ च्या हंगामातच हा प्रयोग वर्तमानपत्रांत छापून आला, एकर्स्लीच्या खास कोशातला म्हणून.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला लॉस एंजलिसच्या डॉजर स्टेडियमवर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना झाला. अ‍ॅथलेटिक्सने हंगामात १०४ सामने जिंकले होते, लॉस एंजलिस डॉजर्सने ९४. त्याआधीच्या फेरीत अ‍ॅथलेटिक्सने बॉस्टनला सलग चार सामन्यांत हरवलं होतं, आणि त्या चारही सामन्यांत शेवट राखणारा एकर्स्ली त्या फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. डॉजर्सचा सर्वांत मोठा बॅटर कर्क गिब्सन मात्र दोन्ही पायांनी अधू होता: डाव्या मांडीमागचा स्नायू दुखावलेला, उजवा गुडघा सुजलेला. खेळाडूंच्या ओळखीच्या वेळीही तो मैदानावर आला नाही.

पहिल्याच इनिंगमध्ये मिकी हॅचरने डॉजर्सला दोन धावा मिळवून दिल्या. दुसऱ्या इनिंगमध्ये होझे कान्सेकोने तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला आणि अ‍ॅथलेटिक्स ४-२ ने पुढे गेले. सहाव्या इनिंगमध्ये डॉजर्सची आणखी एक धाव झाली, ४-३. मग नववीपर्यंत काही हललं नाही. उत्तरार्धात ला रूसांनी वर्षभर जे केलं तेच केलं: एकर्स्लीला आणलं. पहिला बॅटर उंच चेंडू मारून झेलबाद, दुसरा तीन स्ट्राइकवर बाद. आता फक्त एक गडी. त्या रात्रीच्या चित्रफितीत प्रेक्षकांच्या मागे, बाहेरच्या वाहनतळावर, निघालेल्या मोटारींचे लाल दिवे दिसतात. लोक घरी चालले होते.

तिसरा बॅटर माइक डेव्हिस. तो १९८७ पर्यंत ओकलंडकडूनच खेळलेला, एकर्स्लीच्या ओळखीचा. त्याची ताकद आठवून एकर्स्लीने जपून चेंडू टाकले आणि चार चेंडू बाहेर गेल्याने डेव्हिसला पहिला बेस फुकट मिळाला. या फुकट मिळालेल्या बेसलाही बेसबॉलमध्ये 'वॉक' म्हणतात, कारण बॅटर धावत नाही, चालत जातो. नेमकेपणासाठी नावाजलेल्या एकर्स्लीकडून असे वॉक क्वचित मिळत; पुढे १९९० च्या अख्ख्या हंगामात त्याने फक्त चार दिले. वॉक-ऑफची सुरुवात अशी एका वॉकने झाली, आणि तो वॉक बॅटरचा होता.

डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा यांनी पुढचा बॅटर म्हणून मुद्दाम डेव्ह अँडरसनला तयारीला उभं केलं होतं, म्हणजे पुढचा बॅटर सोपा वाटून डेव्हिसला चेंडू बाहेर टाकले जावेत. गिब्सन आतल्या खोलीत गुडघ्यावर बर्फ लावून बसला होता. दूरचित्रवाणीवर समालोचक व्हिन स्कली यांनी तो आज खेळणार नाही असं सांगितलं, तेव्हा तो उठला, जाळीत काही चेंडू मारून पाहिले आणि लासोर्डांना निरोप पाठवला. डेव्हिस पहिल्या बेसवर पोहोचताच अँडरसन मागे आला आणि गिब्सन लंगडत बाहेर पडला. पिंच हिटर हा शब्द ज्या प्रसंगासाठी आहे, तो हाच.

पहिले दोन चेंडू त्याने कसेबसे रेषेबाहेर, फाऊलमध्ये फटकावले. दोन स्ट्राइक. मग आणखी फाऊल आणि बाहेरचे चेंडू. एका चेंडूवर डेव्हिसने दुसरा बेस चोरला. आता तीन बॉल, म्हणजे तीन बाहेरचे चेंडू, दोन स्ट्राइक, आणि बरोबरीची धाव दुसऱ्या बेसवर. डॉजर्सच्या मेल डिडिए या टेहळ्याने मालिकेपूर्वी संघाला बजावलं होतं की डावखुऱ्या बॅटरपुढे तीन-दोन अशी अवस्था आली की एकर्स्ली 'बॅकडोअर स्लायडर' टाकतो: बाहेर जातोय असं वाटणारा आणि शेवटच्या क्षणी आत वळणारा चेंडू, खरोखरच मागच्या दाराने शिरणारा. गिब्सनने पंचांकडे हात करून वेळ मागितला, ते बोलणं आठवलं आणि पुन्हा उभा राहिला. चेंडू तोच आला. पायांत जोर नव्हताच. फक्त खांदे, दंड आणि मनगटांवर त्याने तो उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. ५-४. दोन्ही पायांनी लंगडत, हाताची मूठ मागे-पुढे ओढत, तो चारही बेस फिरला. एकर्स्ली उंचवट्यावरून उतरला आणि चालू लागला.

त्या मालिकेत गिब्सन पुन्हा एकदाही बॅटिंगला उतरला नाही. डॉजर्स पाच सामन्यांत मालिका जिंकले. पहिल्या सामन्याच्या रात्रीची दुसरी एक गोष्ट मला तितकीच मोठी वाटते. पत्रकार खोलीत शिरले तेव्हा एकर्स्ली आपल्या जागी उभा राहिला आणि शेवटचा प्रश्न संपेपर्यंत उत्तरं देत राहिला. तो लपला नाही, की कुणाच्या माथी दोष मारला नाही. हरण्याला स्वतः नाव देणाऱ्या माणसाचं हे वागणं त्या नावाशी सुसंगत आहे. पुढच्या वर्षी अ‍ॅथलेटिक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा शेवटचा गडी बाद करणारा चेंडू पहिल्या बेसवर झेलला तो एकर्स्लीनेच. २००४ मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला.

शब्दाचं मात्र दुसरंच झालं. १९९० च्या दशकात दूरचित्रवाणीवरच्या क्रीडावृत्तांनी तो उचलला आणि 'पीस' गळून पडला. मग 'वॉक-ऑफ होम रन', 'वॉक-ऑफ हिट', सामना संपवणाऱ्या फुकटच्या बेससाठी 'वॉक-ऑफ वॉक' अशी प्रजा वाढली. कर्ता पिचर होता, तो बॅटर झाला. लाज होती, ती शान झाली. शब्दाच्या इतिहासात असे पालट नवे नाहीत, पण एवढ्या थोड्या वर्षांत, घडवणारा जिवंत असताना आणि स्वतः समालोचन करत असताना झालेला पालट विरळा.

शब्द इतका रुजला की तो मागेही लावला जाऊ लागला. १९५१ चा बॉबी थॉमसनचा फटका, १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यातला बिल मॅझरॉस्कीचा फटका, हे आता 'वॉक-ऑफ' म्हणून सांगितले जातात, जरी त्या रात्रींच्या बातम्यांत हा शब्द असणं शक्य नव्हतं. १९२० पूर्वी तर ही वस्तूही नियमाने अपुरी होती. तेव्हा शेवटच्या इनिंगमध्ये विजयाला लागणारी धाव पूर्ण झाली की बाकीचं मोजत नसत. बरोबरी असताना पहिल्या बेसवरचा गडी घरी आला, तर चेंडू कुंपणाबाहेर गेला तरी बॅटरच्या नावावर होम रन लागत नसे. बेब रूथचा एक होम रन १९१८ साली असा ट्रिपल, म्हणजे तीन बेसचा फटका, म्हणून नोंदला गेला. गिब्सनचा फटका मात्र जुन्या नियमातही होम रनच ठरला असता, कारण विजयाची धाव त्याची स्वतःचीच होती.

त्या जुन्या सामन्यांतले पिचर कोण होते हे आज किती जणांना आठवतं? थॉमसनसमोर राल्फ ब्रँका होता, मॅझरॉस्कीसमोर राल्फ टेरी. मूळ अर्थाने 'वॉक-ऑफ' हे त्यांचं नाव होतं.

जपानी भाषेने याच प्रसंगाला फार वेगळा शब्द दिला आहे. बेसबॉल जपानमध्ये १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकामुळे पोहोचला, आणि जपान्यांनी खेळासोबत भाषेचीही सोय केली. 'याक्यू', म्हणजे मैदानातला चेंडू, हे नाव चुमान कानाए याने १८९४ मध्ये रूढ केलं. त्याआधी हायकूचा थोर कवी मासाओका शिकी या खेळाच्या नादी लागला होता. त्याचं लहानपणीचं नाव नोबोरू. 'मैदान' आणि 'चेंडू' ही दोन अक्षरं लिहून ती 'नो-बोरू' अशी वाचायची, हे त्याने आपल्यासाठी टोपणनाव म्हणून केलं. बॅटर, धावणारा गडी अशा संज्ञांना त्याने जपानी शब्द दिले आणि २००२ मध्ये जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये या कवीचं नाव कोरलं गेलं. आपल्या मराठीत एखाद्या थोर कवीने क्रिकेटची परिभाषा घडवायला घेतली असती तर काय झालं असतं, हा विचार मला सुटत नाही.

तर जपानीत सामना संपवणाऱ्या फटक्याला 'सायोनारा होम रन' म्हणतात. १९६६ च्या 'लव्ह इन टोकियो' या हिंदी चित्रपटामुळे 'सायोनारा' शब्द मराठी माणसाला ठाऊक आहे, निरोपाचा म्हणून. त्याची फोड मात्र निरोपाची नाही. 'सायो नाराबा', म्हणजे 'तसं असेल तर'. पुढचं वाक्य गळून गेलं आणि अर्ध्या वाक्याचा निरोप झाला. 'बरं तर मग...' म्हणून आपणही उंबऱ्यावर असंच थांबतो, आणि पुढे 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. जपानीचा आणखी एक गुण असा की ती दोन्ही बाजू धरून ठेवते. सायोनारा-गाची म्हणजे असा विजय आणि सायोनारा-माके म्हणजे असा पराभव. एकर्स्लीचा शब्द जपानमध्ये घडला असता तर त्याचं हरणं कोशातून पुसलं गेलं नसतं.

क्युबा, व्हेनेझुएला, डॉमिनिकन रिपब्लिक या बेसबॉलवेड्या देशांत स्पॅनिश बोलतात. तिथे 'देहार एन एल तेर्रेनो' असा वाक्प्रचार आहे: प्रतिस्पर्ध्याला मैदानावरच सोडून देणं. इंग्रजीत हरलेला चालत निघून जातो, स्पॅनिशमध्ये तो तिथेच उभा राहतो. दोन्ही खरे आहेत. फटका बसल्यावर आधी क्षणभर माणूस जागचा हलत नाही, आणि मग चालू लागतो.

मराठीत या प्रकाराला काय म्हणावं? मागून येऊन जिंकण्याला, म्हणजे 'कमबॅक'ला, क्रीडापानांवर सरसकट 'पुनरागमन' लिहितात. दुखापतीनंतर परतलेल्या खेळाडूला तो शब्द शोभतो. पण मराठी कानाला 'पुनरागमन' म्हटलं की गणपतीची उत्तरपूजा आठवते, जाणाऱ्याने पुन्हा यावं ही विनवणी आठवते. एकाच सामन्यात मागे पडून पुढे गेलेला संघ कुठे गेलेलाच नसतो. त्याला पुनरागमन कसलं? 'बाजी उलटवली' हे जास्त खरं. बाजी फारसीतली, मूळ अर्थ खेळ. आणि गिब्सनने जे केलं त्याला तर आपल्याकडे तयार शब्द आहे: शर्थ. अरबी 'शर्त' म्हणजे अट किंवा पैज. मराठीने ती पैज 'शर्त' म्हणून ठेवली आणि 'थ' लावून वेगळी 'शर्थ' केली, जिथे अटही नाही, पैजही नाही, फक्त पणाला लावलेला जीव आहे.

खुद्द फटक्यासाठी मी 'निकाली' सुचवीन. तालमीत गुणांवर सुटलेली कुस्ती वेगळी आणि निकाली कुस्ती वेगळी. निकाली म्हटलं की पुढे वाद नाही, दुसरी फेरी नाही. 'निकाली होम रन' म्हटल्यावर बेसबॉल कधी न पाहिलेल्या कोल्हापूरच्या वाचकालाही गोष्ट कळेल. या शब्दात एकर्स्लीची पावलं येत नाहीत, ही त्याची उणीव आहे, आणि ती भरून काढणारा शब्द छापील कोशांत मला दिसत नाही. तो खेळणाऱ्यांच्या तोंडी असू शकतो. मुलांच्या खेळात ज्याच्यावर पाळी येते, ज्याला सगळ्यांमागे धावावं लागतं, त्याच्यावर 'राज्य' आलं असं म्हणणारी ही भाषा आहे. तेव्हा आट्यापाट्या, लगोरी, विटीदांडू, कबड्डी, कुस्ती यांतल्या कुठल्याही खेळात, अगदी शेवटच्या क्षणी हरणाऱ्या गड्यासाठी तुमच्या गावात एखादा शब्द ऐकला असेल, तर तो गावाच्या आणि खेळाच्या नावासकट लिहून ठेवा, आणि अजून ते खेळ खेळलेली माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.